मातीचं, चुन्याचं, बांबूचं घर बांधण्याआधी: साइट कशी पाहावी, माणसं कशी जोडावीत

मातीच्या घरांचे फोटो बहुतेक हिवाळ्यात काढलेले असतात. ऊन तिरपं, भिंती कोरड्या, अंगण नुकतंच सारवलेलं. तेच घर ऑगस्टमध्ये सलग दहा दिवस झोडपल्यावर कसं दिसतं, जोत्यालगतची भिंत किती ओली होते, मागच्या बाजूला शेवाळ किती चढतं, हे फोटोत येत नाही. पर्यावरणपूरक घर बांधायचं ठरवलेल्या माणसाने पहिलं वर्ष प्लॅन काढण्यात घालवू नये, घरं पाहण्यात घालवावं. पाहतानाही एक नियम पाळावा: जे तंत्र वापरायचं आहे ते तीन वयांत पाहायचं. काम चालू असताना, दोन-तीन पावसाळे झाल्यावर आणि दहा-पंधरा वर्षांनी. तिन्ही पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पहिली पायरी: आधी आपली जागा आणि माती

दुसऱ्यांच्या साइटवर जाण्याआधी स्वतःच्या जमिनीबद्दल चार गोष्टी माहीत हव्यात. नाहीतर जे घर आवडेल तेच आपल्यालाही चालेल असं वाटू लागतं. कोकणातली अडचण दमटपणाची आणि आडव्या पावसाची, तिथे वारा खेळणं आणि लांब वळचण महत्त्वाची. विदर्भात जाड भिंत दुपारी गारवा देते, पण दिवसभर साठलेली उष्णता रात्री आत सोडते, म्हणून रात्री हवा आरपार जाईल अशा खिडक्या लागतात. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. भिंतीवर खर्च करून छत साध्या पत्र्याचं ठेवणारे बरेच दिसतात. त्यांना मे महिन्यात घरी जाऊन भेटावं.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. वरची दीड-दोन फूट माती बाजूला करा, तिच्यात पालापाचोळा कुजलेला असतो. खालची माती चाळून सरळ बाजूंच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भरा. वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा आणि चोवीस तास ठेवा. वाळू पहिल्या मिनिटातच तळाशी बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. पट्टीने थर मोजा. सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटांसाठी वाळू आणि बारीक खडी मिळून साधारण ६५ टक्के आणि चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास असलेली माती चांगली.

दुसरी परीक्षा वळीची. ओलसर माती मळून बोटाएवढी जाड वळी करा आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती वाळूमिश्रित, पंधराच्या पुढे टिकली तर चिकण जास्त. मधली असेल तर तिला घेऊन पुढे जाता येतं. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. विटांसाठी ती सोडून द्या, मुरूम कुठून मिळेल ते शोधा. ही मातीची बाटली साइटवर सोबत न्या. 'आमची माती अशी आहे' असं सांगण्यापेक्षा ती मिस्त्रींच्या हातात दिली की बोलणं लगेच कामाचं होतं.

दुसरी पायरी: काय पाहायला कुठे जायचं

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करा. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची (मातीच्या सपाट, जड छताची) घरं आहेत, कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची, पुणे-साताऱ्याकडे वाडे. पण जुनं ते सगळं चांगलं, अशा समजुतीने जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जीव गेले ते मुख्यतः अशाच जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली. भिंत बाहेरून दोन-अडीच फुटी दिसायची, पण तिचे आतले-बाहेरचे दोन पदर वेगळे होते, मध्ये दगडगोट्यांची भर होती आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. धक्क्याने पदर सुटे झाले आणि छत खाली आलं. म्हणून जुनी दगडी भिंत पाहताना पडलेला कोपरा शोधा, तिथे तिचा आडवा छेद दिसतो. नव्या कामात आरपार दगड किती अंतरावर घेतलेत आणि खिडक्यांच्या वर सलग पट्टा आहे का, हे विचारायचं ते इथून कळतं.

वर्ध्याला एका फेरीत दोन ठिकाणं होतात. सेवाग्राममध्ये १९३६ पासूनच्या कुट्या आहेत: माती, लाकूड, बांबू, वर कवेलू, म्हणजे कौलं. तिथे भिंतीपेक्षा पडवीकडे पाहा. पाऊस भिंतीपर्यंत पोचूच नये अशी रचना आहे, आणि घर टिकण्याचं निम्मं श्रेय तिचं. जवळच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या निमुळत्या नळ्या एकमेकांत बसवून कमानीचं छत करण्याचं तंत्र विकसित केलं. त्यात लोखंड लागत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला आणि तिथले घुमट प्रसिद्ध आहेत. बांबूसाठी सिंधुदुर्गात कुडाळचं कॉनबॅक आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र.

राज्याबाहेर जायचं तर दाबलेल्या मातीच्या विटांसाठी पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला जावं. तिथली अर्थ (Earth, म्हणजे माती) इन्स्टिट्यूट १९८९ मध्ये सुरू झाली. ऑरोव्हिलचं व्हिजिटर्स सेंटर अशाच विटांचं आहे आणि कुणालाही पाहता येतं, म्हणजे तीस वर्षांहून जुनी भिंत हात लावून पाहायची सोय. उंदीर-सापळा पद्धतीची (मध्ये पोकळी ठेवलेली) वीटभिंत आणि जाळीच्या भिंतींसाठी तिरुवनंतपुरम. कमी खर्चाच्या बांधकामासाठी ओळखले जाणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज तिथे आहे, शिवाय बसस्थानकाजवळचं त्यांचं गोल इंडियन कॉफी हाऊस, जिथे कॉफीच्या पैशात अर्धा तास भिंती न्याहाळता येतात. भूजमध्ये २००१ च्या भूकंपानंतर कारागिरांना घेऊन काम करणारी हुन्नरशाला आहे. कच्छचे भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, त्या भूकंपात बरेच टिकले. का टिकले, ते तिथल्या कारागिरांकडूनच ऐकावं.

तिसरी पायरी: परवानगी मागताना

न सांगता साइटवर जाऊ नका. स्लॅबच्या दिवशी तर नाहीच, त्या दिवशी तिथे कुणाकडेच तुमच्यासाठी वेळ नसतो. निरोप छोटा आणि ठरावीक असावा:

"नमस्कार. मी अमुक गावची. पुढच्या वर्षी साधारण ८०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे, मातीच्या विटांचा विचार आहे. आपल्या तमुक साइटवर विटा पाडणं आणि क्युअरिंग पाहायचं आहे. येत्या पंधरवड्यात कोणत्याही दिवशी एक तास मिळाला तरी चालेल. आम्ही दोघंच येऊ, बूट-हेल्मेट आमचं असेल. घरमालकांची परवानगी नसेल तर फोटो काढणार नाही."

'तुमचं काम फार आवडतं, एकदा भेटायचंय' अशा निरोपांना उत्तर येत नाही, कारण समोरच्याला नेमकं काय द्यायचं ते कळत नाही. काय पाहायचं आणि किती वेळ, हे लिहिलं की बहुतेक वेळा होकार येतो. आर्किटेक्ट तासाची फी सांगत असतील तर द्यावी. फुकटच्या अर्ध्या तासात कुणी ड्रॉइंग उघडून बसत नाही.

चौथी पायरी: साइटवर डोळे कुठे ठेवायचे

सोबत टेप, वही, ओळंबा, दहा किलोपर्यंतचा वजनकाटा आणि पाण्याची बाटली. मोबाइल खिशात. पहिली फेरी बाहेरून आणि जमिनीपासून दीड फुटापर्यंतच पाहायची. पावसाचे शिंतोडे तिथेच उडतात आणि मातीची भिंत खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. जोतं किती उंच, वळचण भिंतीपासून किती पुढे, खाली पागोळीचं पाणी पडतं तिथे दगड टाकलेत की माती, हे लिहून घ्या. वळचण अडीच फुटांहून कमी आणि जोतं फूटभरच असेल, तर ती भिंत दोन पावसाळ्यांनी परत पाहायला या.

*दाबलेल्या मातीच्या विटा.* इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण फसगत इथे सगळ्यात सोपी. तयार वीट सारखीच दिसते, सिमेंट तीन टक्के असो की आठ. मिस्त्रींना विचारा, "एका पोत्यात किती विटा निघतात?" २९० × १४० × ९० मिलिमीटरची वीट असेल तर पाच टक्के सिमेंटला पन्नास किलोच्या पोत्यात साधारण १४० ते १५० विटा बसतात, आठ टक्क्यांना ९५ च्या आसपास. उत्तर २५० आलं तर सिमेंट तीन टक्केच पडतंय. मग मशीनमधून नुकतीच निघालेली वीट काट्यावर ठेवा. या मापाची ओली वीट सात किलोच्या वर भरायला हवी. सहा भरली तर साच्यात माती कमी पडते आहे, वीट नीट दाबली जात नाही, आणि मग सिमेंट वाढवूनही ती कच्चीच राहणार.

ओल बरोबर आहे का पाहायला मिश्रणाचा मुठीएवढा गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर पाणी कमी, तसाच चपटा बसला तर जास्त. सिमेंट कालवल्यावर अर्ध्या तासात तेवढा घाणा संपतोय का, हेही घड्याळ लावून पाहा. सकाळी कालवलेल्या मिश्रणातून दुपारपर्यंत विटा पाडणारी साइट असेल तर नमस्कार करून निघावं.

क्युअरिंगचं खरं-खोटं थप्पीत कळतं. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, मग चार आठवडे ओल टिकवायची. थप्पीच्या आतली, खालच्या ओळीतली वीट काढायला सांगा. बाहेरून ओली आणि आत पांढुरकी कोरडी निघाली तर पाणी फक्त पाहुण्यांसाठी मारलेलं आहे. दुसरी एक वीट मागून घ्या, घरी चोवीस तास पाण्यात ठेवा, कडा बोटाने घासा. कडा सुटायला नको. भिंतीचा हिशोबही तिथेच करा. वरील मापाच्या विटा, दहा मिलिमीटरचा सांधा धरून, १४० मिलिमीटर जाडीच्या भिंतीला चौरस मीटरला ३३ लागतात. २३० × १९० × १०० ची वीट असेल तर १९० च्या भिंतीला ३८.

*उंदीर-सापळा भिंत.* विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून नऊ इंची भिंतीत मध्ये तीन इंचांची पोकळी ठेवतात. विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे ऊन कमी पोचतं. पण वीट एकसारखी लागते. गावठी भट्टीच्या वाकड्या-तिकड्या विटांनी ही भिंत लावायला गेलं की मसाला जास्त जातो आणि बचत तिथेच संपते. पोकळीत मसाला पडू नये म्हणून लाकडी पट्टी ठेवून वरचा थर लावतात का, हे पाहा. जोत्यावर, खिडकीच्या खाली-वर, चौकटीच्या दोन्ही अंगांना आणि छताखाली थर भरीव हवेत. विजेच्या नळ्या भिंत चढतानाच पोकळीतून न्यायच्या असतात. नंतर चर पाडलेली दिसली तर ठेकेदार या कामात नवा आहे.

*फिलर स्लॅब.* स्लॅबच्या खालच्या भागातलं, ताकदीला न लागणारं काँक्रीट काढून तिथे मंगलोरी कौलं बसवतात. लोखंड बांधून झाल्यावर आणि ओतण्याआधीचा दिवस पाहायला उत्तम. दोन गोष्टी तपासा. कौलं पाण्यात बुडवून काढली आहेत का? कोरडी कौलं काँक्रीटचं पाणी शोषतात. आणि भिंती-बीमच्या लगत कौलं न ठेवता भरीव पट्टा सोडलाय का? बाल्कनीच्या पुढे निघालेल्या भागात कौलं घातलेली दिसली तर ड्रॉइंग कुणाचं ते विचारा. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हे काम करून घेऊ नये.

*चुना.* चुन्याच्या प्लास्टरला घाई चालत नाही, आणि साइटवर नेमकी घाईच असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्यासाठी त्याला ओल आणि सावली लागते. मे महिन्याच्या उन्हात गोणपाट न लावता ओढलेला गिलावा केसासारख्या भेगांनी भरतो. चुना किती दिवस भिजवलाय, वाळू किती, गूळ-हिरड्याचं पाणी कशासाठी घालतात, हे कारागिराला विचारा. उत्तर देताना तो मसाला हातात घेऊन दाखवतो का, ते पाहा. जुन्या घरात चुन्यावर प्लास्टिक पेंट मारलेला असेल तर बहुधा पोपडे सुटलेले सापडतील, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. कळीचा चुना विरवतात तेव्हा लांब उभे राहा, डोळ्याला चष्मा हवा.

*बांबू.* बांबूच्या घरात शिरल्यावर आधी खाली पाहा. सांध्यांखाली पिवळसर भुगा पडलेला असेल तर किडीने घर केलंय. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सची प्रक्रिया, एवढं लागतं. शंभर लिटर पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स हे नेहमीचं प्रमाण. हे रसायन पावसाने धुपतं, म्हणून प्रक्रिया केलेला बांबूही छपराखालीच हवा आणि त्याचा पाय जमिनीपासून फूट-दीड फूट वर, दगडावर किंवा काँक्रीटवर. खिळे ठोकलेला बांबू चिरतो. बोल्ट आणि दोरीचे सांधे पाहा.

पाचवी पायरी: कुणाला काय विचारायचं

आर्किटेक्टला विचारा, "हेच घर परत बांधायचं झालं तर काय वेगळं कराल?" ठेकेदाराला, "कोणतं काम अंदाजापेक्षा जास्त दिवस चाललं?" घरातल्या बाईंना, "पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात आणि भिंतीला दरवर्षी काय करावं लागतं?" शेवटचं उत्तर बहुधा सगळ्यात उपयोगाचं असतं, आणि मालक शेजारी नसताना विचारलं तर आणखी. मिस्त्रींशी चहाच्या सुट्टीत बोला, काम चालू असताना नाही.

भाव विचारताना सावध राहा. 'चौरस फुटाला इतके' हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्यात पाया धरलाय का, जोत्याची भर धरली आहे का, पडवी मोजली आहे का, फरशी-वायरिंग आहे का, मालकाने स्वतः आणलेलं सामान किती? ब्रासच्या बोलीतही गोंधळ होतो: वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, प्लास्टरचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. पानाच्या एका बाजूला सामान, दुसऱ्या बाजूला मजुरी, असंच लिहून घ्या. या घरांत सामान स्वस्त पडतं आणि मजुरी वाढते. एकूण खर्च कमीच येईल असं गृहीत धरून कर्ज ठरवू नका. कर्ज घेणार असाल तर बँकेच्या पॅनेलवरचा इंजिनिअर मातीच्या भारवाहक भिंतीचं मूल्यांकन करतो का, हे आधीच विचारून ठेवा.

सहावी पायरी: ओळखी टिकवणं

ओळखी वाढायला प्रदर्शनांपेक्षा कार्यशाळा बऱ्या. तीन-चार दिवस एकत्र चिखल तुडवलेली माणसं नंतर फोन उचलतात. कार्यशाळा निवडताना एक पाहा: शेवटी उभी भिंत राहणार आहे की नुसती स्लाइड-शोची सर्टिफिकेटं मिळणार? इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिल आणि गृह (GRIHA) या पर्यावरणपूरक इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या वार्षिक परिषदा मोठ्या इमारती करणाऱ्यांच्या. लहान घरवाल्याने तिथे जावं ते इन्सुलेशन, काच, पाण्याचे पंप असं सामान विकणाऱ्यांना गाठायला आणि तांत्रिक पत्रकं घेऊन यायला. लहान इमारतींसाठी गृहची 'स्वगृह' नावाची वेगळी पद्धत आहे. प्रमाणपत्र नको असलं तरी तिची प्रश्नावली स्वतःच्या प्लॅनवर लावून पाहावी.

लोक सारखं मागणाऱ्याला टाळतात, म्हणून काहीतरी द्यायलाही शिका. भेट झाल्यावर दोन दिवसांत आभाराचा निरोप आणि सोबत तुम्ही घेतलेली मापं पाठवा. कमाल-किमान तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर एखाद्या मालकाला एप्रिलभर वापरायला द्या, एक आत आणि एक बाहेर सावलीत. महिनाभराचे आकडे त्यांनाही हवे असतात, तुम्हालाही. दुसरं, आपल्या भागातले भट्टीवाले, चुनावाले, जुनं सागवान विकणारे यांची यादी करून ती ओळखीच्यांना द्या. अशी यादी प्रत्येकाला लागते आणि सहसा कुणाकडे नसते.

सातवी पायरी: नमुन्याची भिंत

ठेका देण्याआधी, ज्या मिस्त्रींकडून काम करून घ्यायचं त्यांनाच रोजाने बोलावून आपल्या मातीची मीटरभर लांब, मीटरभर उंच भिंत बांधून घ्या. कोपरा आणि एक छोटी खिडकी हवीच, खरं कसब तिथे दिसतं. अर्ध्या भागाला गिलावा, अर्धी उघडी. वर पत्रा टाका, पण पश्चिमेची बाजू मुद्दाम उघडी ठेवा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये झालं तर क्युअरिंगला वेळ मिळतो आणि जूनचा पाऊस पूर्ण लागतो. दसऱ्यानंतर त्या भिंतीकडे ओळंबा घेऊन जा: किती झुकली, खालच्या दोन थरांची कड किती झिजली, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो का? झीज अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर जोतं उंच करा, वळचण वाढवा किंवा खालचे तीन फूट दगडात घ्या. आकडे वहीत लिहून इंजिनिअरला दाखवा आणि प्लॅनवर शेवटची सही त्यानंतरच करा.